पाऊस गेला, कूलर उतरला. आता बागेचं काय? (नागपूर)

माजघर | १६ ऑक्टोबर, रात्री ९:२०

आज कूलर खिडकीतून उतरवला. नवरा म्हणाला, अजून आठ दिवस राहू दे, दुपारी उकडते. पण पहाटे गच्चीवर गेले तर कठड्यावर दव होतं, बोट फिरवलं तर ओलं झालं. माझ्यासाठी तीच तारीख. दव पडलं की आमच्या बागेचं वर्ष सुरू.

त्रिमूर्तीनगरात राहतो. समोर बारा बाय वीसचं अंगण, अस्सल काळी माती. पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेते आणि आता आठ दिवसांत अशी वाळली की भेगेत बोट जाते. अंगणात एक संत्र्याचं झाड (मागच्या वर्षी मोजून नऊ संत्री), कागदी लिंबू, कढीपत्ता, जास्वंद, मोगरा. गच्चीवर पाच गुलाब, तुळस, बऱ्याच रिकाम्या कुंड्या. आणि शेवंतीच्या अकरा कुंड्या, त्यात माझा जीव.

हिवाळ्यासाठी बागेची तयारी म्हणून शोधलं तर एक तर बर्फ पडणाऱ्या देशांतलं सापडतं, झाडं गोणपाटात बांधा वगैरे, नाहीतर पुण्याचं. मे महिन्यात ४५ अंश सोसून जी झाडं जगली त्यांचं काय करायचं ते कोणी सांगत नाही. तर इथल्या लोकांना विचारते. गुलाब आता छाटू की दिवाळीनंतर? अंगणात भाजी लावायची तर या मातीत काय घालू? मेथी, पालक, सांभार कधी? संत्र्याचं काही करायचं असतं का?

आणि एक कोडं. मागच्या वर्षी शेवंतीच्या सात कुंड्या डिसेंबरात नुसत्या लदबदल्या होत्या. फाटकाजवळ ठेवलेल्या चार कुंड्यांना मात्र एक कळी नाही. माती तीच, खत तेच, रोपं एकाच कुंडीतल्या फुटव्यांची. पानं तर उलट जास्त हिरवीगार. सासूबाई म्हणतात, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर लागते. माझ्याकडे याहून बरं उत्तर नाही म्हणून गप्प आहे.

बर्डीवाला | रात्री ९:३१

पयला मी! नजर लागली असेल तर लिंबू-मिरची बांधा. लिंबू तर घरचंच आहे.

गुलाबराव | रात्री १०:०५

नावाला जागून आधी गुलाबाचं सांगतो.

आताच छाटा. छाटणीपासून साधारण ४०-४५ दिवसांनी फूल येतं. या आठवड्यात कात्री चालवली तर डिसेंबरच्या सुरुवातीला पहिला बहर. दिवाळीची वाट पाहिलीत तर तो तेवढाच पुढे जाईल, बाकी काही बिघडत नाही. मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि काडेपेटीच्या काडीएवढ्या बारीक फांद्या आधी काढा. मग उरलेल्या फांदीवर बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप द्या. आतला गाभा तपकिरी दिसला तर अजून खाली या, पांढरा-हिरवा दिसेपर्यंत. कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा.

आमचे बाबा दसरा झाला की आठ दिवस गुलाबाचं पाणी तोडायचे. मग बुंध्याभोवतीची माती चार बोटं उकरून मुळं दोन-तीन दिवस उघडी ठेवायची, आणि मग कुजलेलं शेणखत घालून बुजवायची. नंतर येणारं फूल असं की दोन्ही हातांत धरावं लागे.

पानगळ | रात्री १०:४०

छाटणीला अनुमोदन. मुळं उघडी करायला कडाडून विरोध. माजघरताईंचे गुलाब कुंडीत आहेत आणि तेही गच्चीवर. दुपारी अजून पारा ३३-३४ ला जातो, कुंडीच्या कडेची माती हाताला चटका देते. मी एकदा हा प्रयोग केला होता, पाचातले दोन गेले. राहिलेल्या तिघांनी सूड म्हणून जानेवारीपर्यंत फूल दिलं नाही.

गुलाबराव | रात्री १०:५२

बाबांचे गुलाब जमिनीत होते. कुंडीत त्यांनीही कधी केलं नाही, हे मान्य. कुंडीत वरची दोन बोटं माती काढून खत घालून बुजवा, पुरे.

आणि हो, कलमाची गाठ ओळखता येते ना? तिच्या खालून आलेली फूट मुळाशी काढून टाका. ती जंगली गुलाबाची असते, वरच्या कलमाचं सगळं खाऊन टाकते.

माजघर | रात्री ११:१०

आत्ता टॉर्च घेऊन गच्चीवर जाऊन आले. तीन नंबरच्या कुंडीत जी उंच, तरतरीत फांदी आहे ना, तिला मी दोन वर्षं कौतुकाने खत घालतेय... ती गाठीच्या खालून आहे.

बर्डीवाला | रात्री ११:१२

😂😂 घरजावई निघाला.

काळीमाती | १७ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

मातीचं सांगतो, कारण इथेच सगळे हात पोळून घेतात. काळी माती ओली असताना खोदली तर ढेकळं पडतात आणि ती वाळली की विटा होतात. पूर्ण वाळल्यावर खोदली तर कुदळ उसळून येते. मध्ये दोन-तीन दिवस असे मिळतात की मूठ आवळली तर गोळा होतो आणि टिचकी मारली तर फुटतो. शेतकरी याला वाफसा म्हणतात. ताईंच्या अंगणात बोट जाईल एवढ्या भेगा पडल्यात, म्हणजे वाफसा गेला. आज संध्याकाळी अंगण भरपूर भिजवा आणि दोन-तीन दिवसांनी मूठ आवळून पाहा.

वाळू घालू नका. 'भारी मातीत वाळू मिसळा' हा सल्ला सगळे देतात. दोन घमेली वाळूने काही होत नाही, माती आणखी घट्ट बसते. फरक पडण्याइतकी वाळू घालायची तर ट्रक बोलवावा लागेल. त्यापेक्षा कुजलेलं शेणखत, पालापाचोळ्याचं खत, जे मिळेल ते घाला आणि वीतभर उंचीचे गादीवाफे करा. काळी माती पाणी धरून ठेवते, हिवाळ्यात तर फारच. वाफा उंच असला की मुळं बुडत नाहीत.

हळदीकुंकू | सकाळी ८:०२

शेणखत घेताना सांभाळून बाप्पा. मी मागच्या वर्षी एकाकडून छोटा हत्ती भरून घेतलं. तो म्हणे 'पूर्ण कुजलेलं आहे ताई, हातात घेऊन पाहा'. हातात घेतलं, वरचा थर खरंच कुजलेला होता. खाली हिरवं शेण. पंधरा दिवसांनी वाफा उकरला तर हुमण्या, करंगळीएवढ्या जाड, इंग्रजी सी सारख्या गोल पडलेल्या. पालकाची रोपं आज उभी, उद्या आडवी. ओढली तर हातात येत, खाली मूळच नाही.

आता ट्रॉली असो की पोतं, तळातलं उकरून पाहते. वास आला, गरम लागलं, तर परत. आणि वाफ्यात निंबोळी पेंड मिसळते.

कूलरभाऊ | सकाळी ९:२०

ताई, कूलर उतरवला म्हणता, पण जुना कूलर हाये का घरी? तळाला गंजलेला, भंगारवाला पन्नास रुपये देतो तो? देऊ नका त्याले. मी तीन वर्षांपासून कूलरच्या टाक्याईत भाजी लावून राहिलो. लांब-रुंद मस्त, खोली फूटभर. गंजल्यामुळे भोकं आपोआप पडलेली असते, निचऱ्याचा प्रश्न मिटला. मेथी, पालक, मुळा, सांभार, सगळं होते. मुळ्याले खोली कमी पडली तर वर भर देतो.

आणि ताट्याईतलं गवत फेकू नका. भाजीच्या मधात अंथरलं की ओल टिकते.

पानगळ | सकाळी ९:४५

कूलरभाऊ, टाकीची आयडिया एक नंबर. पण ते गवत आधी धुऊन घ्यायला सांगा. चार महिने बोअरचं पाणी झिरपून त्याच्यावर क्षारांचा पांढरा थर जमलेला असतो, हाताने मोडला तर कडकड वाजतो. दोन-तीनदा बादलीत बुडवून पाणी फेकून दिलं की मग वापरा. टाकीच्या आतली खरड पण काढा.

कूलरभाऊ | सकाळी ९:५८

बरोबर आहे. मी तर पावसातच टाकून देतो बाहेर, आपोआप धुतल्या जाते.

सोलेभात | सकाळी ११:३०

पालेभाजीचं मी सांगते. घाई करू नका. मेथी, पालक, मुळा आता पेरले तरी चालतात. सांभार मात्र रात्री गार व्हायला लागल्यावरच. या उन्हात पेरला तर एक तर उगवत नाही आणि उगवला तर चार पानांवर फुलोऱ्याला जातो. धणे चपलेखाली हलकेच रगडायचे, दोन फाका झाल्या पाहिजेत, पीठ नाही. रात्रभर भिजवायचे. मग पेरून विसरून जायचं. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते, सांभाराला दहा दिवस सहज लागतात, कधी दोन आठवडे. लोक आठव्या दिवशी कंटाळून वाफा उकरतात आणि तिथेच सगळं बिघडतं.

सगळं एकदम पेरू नका. अर्धा वाफा आज, अर्धा पंधरा दिवसांनी. नाहीतर एकाच आठवड्यात एवढी मेथी होते की शेजारी बेल वाजली तरी दार उघडत नाहीत.

गाजर जागेवरच पेरा, त्याचं रोप करून लावलं तर दोन तंगड्यांचं होतं. मटार नोव्हेंबरात. लसणाच्या जाड पाकळ्या निवडून, टोक वर करून, आता लावल्या तरी चालतील. भेदरं, वांगी आणि फुलकोबीची रोपं गोकुळपेठेच्या बाजारात मिळतील, पण मुळाशी ओली माती बघून घ्या.

मुठेकाठी | दुपारी १२:१४

एक शंका. सांबार पेरता? इडलीसोबतचा? आणि भेदरं म्हणजे काय?

बर्डीवाला | दुपारी १२:१६

आले पुण्याचे.

सोलेभात | दुपारी १२:२५

मुठेकाठी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. भेदरं म्हणजे टमाटे. इडलीसोबत आम्ही जे खातो त्यालाही सांबारच म्हणतो आणि त्यात वरून सांभार टाकतो. आमचं कधी अडलं नाही.

मुठेकाठी | दुपारी १२:३१

दंडवत. पुण्यात बाल्कनीत धणे पेरलेत, अकरावा दिवस आहे. उकरू का?

सोलेभात | दुपारी १२:३३

हात बांधून बसा.

महालची_लेक | १८ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

माहेर महालातलं, गेली बारा वर्षं टोरांटोत. धागा वाचून हसू आलं आणि पोटात कालवलंही. तुम्ही बाग मांडताय आणि मी गादी-गिरद्या माळ्यावर टाकाव्यात तशी आवरतेय. कडाक्याच्या थंडीने डेलियाची पानं एका रात्रीत काळी पडली, म्हणून कंद खणून काढले. माती झटकली, वाळवले, खोक्यात घालून तळघरात. बाहेरच्या नळाचं पाणी पूर्ण काढून टाकलं, नाहीतर पाइपात बर्फ होऊन पाइप फुटतो. गुलाबाच्या बुंध्याशी मातीचा ढीग. ते गोणपाटात बांधणं खरंच करावं लागतं हो, माजघरताई, चेष्टा नाही ती.

फक्त लसूण आपल्यासारखाच आता लावतात. पाकळ्या जमिनीत, वर वीतभर वाळलेली पानं. मग त्यावर बर्फ पडतो, तो तसाच खाली बसून राहतो आणि जुलैत काढायचा. पहिल्या वर्षी मला वाटलं मेला. एप्रिलमध्ये बर्फाच्या चिखलातून हिरवी टोकं वर आलेली पाहून मी आईला व्हिडिओ कॉल लावला होता. तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते. आई म्हणाली, एवढ्यासाठी उठवलंस?

हळदीकुंकू | सकाळी ७:३०

वीतभर पानं! इथे आमच्या गल्लीत रोज सकाळी कडुनिंबाची, आंब्याची पानं गोळा करून जाळतात. डोळे चुरचुरतात. मी झाडणाऱ्या मावशींना म्हटलं, पोती मला देत जा. आता त्या फाटकाशी ठेवून जातात आणि मी चहा देते. वर्षभरात खत होतं.

काटोलवाला | रात्री ८:४०

संत्र्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमची घरची बाग आहे.

ताई, नऊ संत्री लागतात कारण झाडाला तुम्ही वर्षभर सारखं पाणी देता. संत्र्याला विश्रांती पाहिजे. झाडावरची फळं उतरली की डिसेंबरात पाणी बंद करा. याला ताण देणे म्हणतात. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, तुमच्यासारख्या भारी काळ्या जमिनीत त्याहून जास्त लागतो, कारण ओल खालीच असते. पानं कोमेजून पिवळसर झाली, थोडी गळाली की ताण बसला. मग हलकी चाळणी (वरची माती मोकळी करणं), खत आणि पाणी सुरू. जानेवारी-फेब्रुवारीत जी फुलं येतात तो अंबिया बहार, त्याची फळं पुढच्या दिवाळीच्या आसपास. पावसाळ्याच्या तोंडी येतो तो मृग. घरच्या एका झाडावर दोन्ही बहार धरू नका, झाड थकते. शेजारच्या वाफ्यात भाजी लावाल तर तिचं पाणी झिरपून ताण मोडेल. म्हणून भाजी संत्र्यापासून दूर.

दुसरं, बुंधा पाहा. चिकट, मधासारखा डिंक ओघळलेला दिसला तर तो डिंक्या. पावसाळ्यानंतर बुंध्याला दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावतातच. घरापुरतं १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवा, मग एकत्र करा. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं नाही. झाल्यावर त्यात लोखंडी चाकू बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अजून घाला. गुलाबरावांच्या गुलाबालाही हीच चालेल.

आणि आळं बुंध्याला चिकटून करू नका. बुंध्याभोवती एक छोटं कोरडं रिंगण, त्याच्या बाहेर पाण्याचं आळं. पाणी बुंध्याला लागलं नाही पाहिजे.

माजघर | रात्री ९:१५

काटोलवाले भाऊ, डिंक आहे! मी त्याला झाडाची तब्येत समजत होते. उद्याच मोरचूद आणते.

शेवंतीवर मात्र अजून सगळे नजर लागल्यावरच थांबलेत.

रातराणी | रात्री ९:५०

एकच प्रश्न. फाटकासमोर रस्त्यावरचा दिवा आहे का?

माजघर | रात्री ९:५५

आहे. आधी पिवळा मिणमिणता होता, दोन वर्षांपूर्वी पांढरा एलईडी लावला. त्या उजेडात अंगणात पेपर वाचता येतो. का?

रातराणी | रात्री १०:३०

मग नजर दिव्याची लागली.

शेवंती रात्र मोजते. दिवस लहान आणि रात्र मोठी व्हायला लागली की ती पानं सोडून कळ्यांच्या मागे लागते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या वर असतो, डिसेंबरात अकरा तासांहून थोडा कमी. पण रात्र तिला अखंड अंधाराची लागते. रात्रभर उजेड पानांवर पडला तर तिच्या लेखी अजून उन्हाळाच आहे. म्हणून पानं जास्त हिरवीगार, झाड धट्टंकट्टं आणि कळी नाही. लाल पानांच्या पॉइन्सेटियाचंही हेच.

चारही कुंड्या अंधारात हलवा, घराच्या मागे किंवा जिथे रात्री खिडकीचाही उजेड पडत नाही तिथे. दिवसा ऊन मात्र पाहिजे. हलवता येत नसतील तर संध्याकाळी सहाला वर काळं कापड किंवा पुठ्ठ्याचं खोकं, सकाळी सातला काढायचं, कळ्यांना रंग दिसेपर्यंत रोज. चुकायचं नाही. आणि आता शेंडे खुडू नका, खुडायची वेळ गेली.

तर्कट | रात्री १०:४४

ऐकायला छान आहे, पण पटत नाही. लाखो वर्षं पौर्णिमा होतेच की. चांदण्यात शेवंती फुलत नाही का?

रातराणी | रात्री ११:०५

चांगला प्रश्न. चांदणं आपल्याला लख्ख वाटतं, कारण आपले डोळे सरावतात. दिव्याखालच्या उजेडापुढे ते फारच कमी असतं. शेवंतीचे व्यापारी उत्पादक हे मुद्दाम करतात, फुलं उशिरा हवी असतील तर रात्री शेतात दिवे लावतात. ताईंकडे ते काम फुकटात झालं. पटत नसेल तर प्रयोग करा. चारपैकी काही हलवा, काही झाका.

बर्डीवाला | रात्री ११:०८

म्हणजे लिंबू-मिरची खांबाला बांधायची.

नियमावली | १९ ऑक्टोबर

धाग्यात कीड राहिली आहे. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसतोय, काय करू?

हळदीकुंकू | १९ ऑक्टोबर

पिठ्या ढेकूण. आधी जोरदार पाण्याच्या धारेने धुवा, निम्मे तिथेच जातात. मग लिटरला ५ मिली नीम तेल आणि भांड्याच्या साबणाचे थेंब, संध्याकाळी फवारा, आठ दिवसांनी परत. मुंग्यांची रांग दिसली तर ती आधी तोडा, त्याच त्यांना फांदीफांदीवर नेतात. आणि ढगाळ हवा आली की वालावर, शेवंतीच्या शेंड्यांवर मावा येणारच, रोज एक फेरी मारा.

गुलाबराव | २ नोव्हेंबर

फुलझाडांची रोपं घ्यायची हीच वेळ. पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स, पॅन्सी. फुललेलं रोप घेऊ नका, कळ्यांचं घ्या.

बर्डीवाला | २ नोव्हेंबर

नागपुरात हिवाळ्यात दोन गोष्टी बाहेरून येतात, पॅन्सी आणि मंत्री. मंत्री अधिवेशन संपलं की जातात. पॅन्सी फेब्रुवारीपर्यंत तरी थांबते.

पानगळ | १४ डिसेंबर, सकाळी ८:१०

धागा वर काढते. थंडी खरी आली. पाणी आता सकाळी उन्हं आल्यावर, आणि बोटभर माती कोरडी लागली तरच. संध्याकाळी पाणी दिलं की रात्रभर पानं ओली राहतात आणि बुरशी येते. अडेनियमला तर पाणी द्यायचं विसराच.

काटोलवाला | १४ डिसेंबर, दुपारी १:२०

एक भर. रोजचं हेच खरं, पण थंडीची लाट आली की आम्ही उलटं करतो. त्या रात्री बागेला पाणी देतो. ओली जमीन दिवसाची ऊब कोरड्या जमिनीपेक्षा जास्त धरते. पानांवर नाही, जमिनीत. शिवाय बांधावर धूर.

सोलेभात | १४ डिसेंबर, दुपारी २:००

२९ डिसेंबर २०१८ आठवतो? नागपुरात ३.५ अंश. आमच्या गच्चीवरची अॅग्लोनिमा सकाळी उकडलेल्या पालकासारखी लोळली होती. तुळस काळी. केळीची पानं आठवड्यात कागद झाली. मेथी, मटार, सांभार मात्र जणू काही झालंच नाही. तेव्हापासून डिसेंबर लागला की नाजूक कुंड्या भिंतीला टेकवते, पश्चिमेच्या. दुपारभर तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत गरम असते. तुळशीवर रात्री जुनी सुती साडी, पण पानांना चिकटू न देता, चार काड्यांवर. प्लास्टिक नको, आत थेंब साचतात.

कूलरभाऊ | १४ डिसेंबर, दुपारी २:१५

माह्या टाकीतली मेथी तिसऱ्यांदा कापली. बायको म्हणते आता मेथी नको, काही दुसरं लावा. मी म्हटलं पुढच्या वर्षी दुसरा कूलर गंजू दे.

माजघर | २८ डिसेंबर, रात्री ८:३०

उशिराने हिशेब देते.

गुलाबाचा पहिला बहर ५ डिसेंबरला आला. जंगली फूट काढल्यावर तीन नंबरच्या कुंडीत जेमतेम एक काडी उरली होती, तिला दोन कळ्या आहेत. डिंक्या थांबलेला दिसतो, जुना डिंक वाळून गळतोय. संत्र्याचं पाणी ८ डिसेंबरपासून बंद केलंय. सासूबाई रोज म्हणतात, तहानलं बिचारं. काल तांब्या घेऊन निघाल्या होत्या, वाटेत अडवलं.

आता शेवंती. दोन कुंड्या मागच्या न्हाणीघरापाशी नेल्या, दोन फाटकाशीच ठेवून त्यांच्यावर टीव्हीचं खोकं. मागच्या दोन्ही आज पिवळ्याधमक आहेत. खोक्याखालच्यांचं असं झालं, की पंधरा दिवस नीट चाललं आणि मग मी दिवाळीला चार दिवस अमरावतीला गेले. खोकं घालायचं काम सासूबाईंकडे दिलं होतं. त्यांनी घातलंच नाही, म्हणे झाड गुदमरते. मी आल्यावर परत सुरू केलं. एका कुंडीला आत्ता कुठे हिरव्या कळ्या आल्यात, दुसरीला नाही.

तर्कट | २८ डिसेंबर, रात्री ८:५२

हरलो. पण चार कुंड्यांचा प्रयोग फार लहान आहे, पुढच्या वर्षी आठ घ्या. आणि दुसरीला का नाही?

रातराणी | २८ डिसेंबर, रात्री ९:०५

कोणती कुंडी दिव्याच्या जास्त जवळ होती? आणि खोक्याला खाली फट होती का?

माजघर | २८ डिसेंबर, रात्री ९:२०

जी फुलली नाही तीच जवळ. आणि टीव्हीच्या खोक्याला हाताने धरायची भोकं असतात ना, ती तिच्याच बाजूला! आत्ता लक्षात आलं.

सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. दिवा, रात्र, अंधार, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'म्हणजे नजरच की.'

बर्डीवाला | २८ डिसेंबर, रात्री ९:२२

आजींना माझा नमस्कार सांगा.

नवशिकी_कुंडी | २९ डिसेंबर

मोगऱ्याचं कोणीच बोललं नाही. छाटायचा का?

गुलाबराव | २९ डिसेंबर

आताच पाणी कमी करा, जानेवारीत पानं काढून छाटा, मग खत-पाणी. मार्चपासून बघा.

मुठेकाठी | २९ डिसेंबर

उशिरा कळवतो. उकरला नाही. चौदाव्या दिवशी उगवला होता. आज पोह्यांवर घरचा सांभार घातला, बायकोने विचारलं हे काय म्हणतोस तू कोथिंबिरीला.